लाकूड माझं, इंजिन व्याह्यांचं

३ फेब्रुवारी

बायको म्हणाली, "तुमची कुरकुर ऐकून माझे कान किटले. आता जे काय बोलायचं ते वहीशी बोला." म्हणून ही वही. पुढची पानं कपाटांच्या मापांनी भरलेली आहेत, मी मागून सुरुवात करतोय.

तर होडी. जन्मभर मी कपाटं, पलंग आणि टेबलं केली. धंदा बंद केला, शेड तेवढी राहिली. त्या शेडमध्ये वर्षभर मी आणि माझे व्याही मिळून होडी बांधतोय. लाकूड माझं, इंजिन त्यांचं. व्याह्यांचा सगळा जन्म पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे फुटफुट करणारं जे काही असेल ते त्यांच्या ताब्यात.

माझी लेक आणि त्यांचा मुलगा खाडीच्या पलीकडे राहायला गेले, तिथून हे खूळ सुरू झालं. त्यांची इमारत आमच्या धक्क्यावरून दिसते. पण प्रवासी लाँच बंद पडली आणि बसने वळसा घालून जायचं तर दोनदा बस बदलण्यात अख्खा दिवस जातो. एप्रिलअखेर लेकीला बाळ होणार आहे. बाळ आलं की आपल्या होडीतून जाऊन त्याला बघायचं, हे आमचं दोघांचं पक्कं ठरलेलं आहे.

आणि आता कळतंय की नोंदणीशिवाय होडी धक्क्यावरून सोडायचीच नाही. खाडीत मोठ्या जहाजांची वाट आहे, ती ओलांडायची तर होडीला सरकारी नंबर हवा, नाव हवं आणि मालक हवा. मालकापाशी घोडं अडलं.

"मालक तुम्ही," मी व्याह्यांना म्हणालो.

"छे छे, भलतंच काय. शेड तुमची, लाकूड तुमचं. मालक तुम्हीच."

आमचं हे असंच चालतं. दारातून आत जायचं तर आम्ही दोघं उंबऱ्यावर "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत उभे, आणि आत चहा गार. पोरांचं लग्न होऊन चार वर्षं झाली तरी आमच्यातलं लग्नघर काही संपत नाही.

मनातून मला माझंच नाव हवंय. हे वहीत लिहायला हरकत नसावी.

९ फेब्रुवारी

बंदराच्या कार्यालयात जाऊन आलो. नोंदणीच्या खिडकीवर एक बाई बसतात. मी त्यांचं नाव नोंदणीबाई ठेवलंय. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर तयार. म्हणाल्या, मालकाचं प्रतिज्ञापत्र द्या, बांधणाऱ्याचा दाखला द्या, होडीचं नाव सुचवा. मग मोजणीसाहेब येऊन होडी मोजतील. मग नंबर मिळेल, तो मुख्य तुळईवर कोरायचा, साहेब तो पाहून जातील आणि मग प्रमाणपत्र.

"तुळईवर रंगवला तर नाही चालणार?" मी विचारलं.

"कोरायचा," बाई म्हणाल्या. "रंग पुसता येतो."

घरी आल्यावर आधी शेडमध्ये जाऊन तुळई पुसली. त्या तुळईवर मी सागवानाचं व्हिनिअर, म्हणजे पातळ पापुद्रा, चढवलंय आणि वर आरशासारखं पॉलिश मारलंय. माझं तोंड दिसतं तिच्यात.

१४ फेब्रुवारी

आज बायकोने सुनावलं. "वर्षभर तो माणूस रोज डबा धरून येतो, हात काळे करतो, आणि तुम्ही नावाला चिकटून बसलाय? मान त्यांना द्या. विहीणबाई असत्या तर त्यांनी नसतं का तुम्हाला जेवायला घालून मालक केलं?"

विहीणबाई म्हणजे व्याह्यांची बायको. त्या गेल्याला तीन वर्षं होतील. लग्नात माझ्या हातून आमटीचं पातेलं उलटलं, तेव्हा त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "बरं झालं, खारटच झाली होती." असा माणूस पुन्हा भेटायचा नाही. व्याही त्यांच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

व्याह्यांचा दात दुखत होता म्हणून आज ते आले नाहीत. संधी साधली. गुपचूप कार्यालय गाठलं आणि लिहून दिलं की होडी सर्वस्वी माझ्या व्याह्यांच्या मालकीची आहे, मी फक्त बांधणारा, माझा तिच्यावर कसलाही हक्क नाही. सही करण्याआधी कागद तीनदा वाचला, खोटं कशाला बोलू. होडीचं नाव लिहिलं "विहीणबाई". व्याह्यांना एकदम प्रमाणपत्रच दाखवायचं.

कधी नव्हे तो मोठ्या मनाचा झालो म्हणून येताना स्वतःला एक आइस्क्रीम दिलं.

१७ फेब्रुवारी

व्याही कालपासून बाकं घासतायत. ती बाकं मी दोनदा घासलेली आहेत. म्हणालो, "अहो, आता माशीसुद्धा घसरेल त्यावर."

"जरा इथे खरबरीत लागतं," म्हणाले. मी हात फिरवून पाहिलं. काही लागत नव्हतं.

मग विचारतात कसे, "होडी पाण्यात गेली की दुपारी तुम्ही काय करणार?"

"झोपणार," मी म्हणालो. "वर्षभराची झोप बाकी आहे."

यावर ते आणखी जोरात घासायला लागले. त्यांना दुपारची झोप आवडत नसावी.

२१ फेब्रुवारी

व्याही पुन्हा दाताच्या डॉक्टरकडे. काय दात आहे का कटकट. संध्याकाळी आले तेव्हा शर्ट इस्त्रीचा होता आणि खिशातून भाजलेले शेंगदाणे काढून कटाकट चावत होते. मी विचारलं, दात?

"हो, आता एकदम छान," म्हणाले आणि घाईघाईने इंजिनात डोकं घातलं.

डॉक्टर चांगला दिसतो. पत्ता घेऊन ठेवायला हवा.

४ मार्च

डोकं फिरलंय. कार्यालयाचं पत्र आलं. "विहीणबाई" या नावासाठी आणखी एक अर्ज आलेला आहे, सबब निर्णय राखून ठेवला आहे.

आणखी एक अर्ज. कोण हा महाभाग? सगळ्या जगात होडीला विहीणबाई नाव ठेवायचं दुसऱ्या कोणाला सुचलं? धक्क्यावरच्या बर्फवाल्यावर माझा संशय आहे. त्याला माझ्या सगळ्या गोष्टी आवडतात. मागे माझ्यासारखीच टोपी घेतली होती.

शेडमध्ये गेलो तर व्याहीही घुश्शात. पाना आपटत होते. मला म्हणाले, "लोक इतके कसे हो उचलेगिरी करतात?"

"कोण लोक?"

"काही नाही. असंच."

मग थोड्या वेळाने, "तुम्हाला काही पत्रबित्र आलं का?"

"मला कोण पत्र लिहिणार?" मी म्हणालो. मग दुपारभर आम्ही बर्फवाल्याला शिव्या घातल्या. म्हणजे मी घातल्या, त्यांनी का घातल्या कोण जाणे.

१२ मार्च

हे कसं लिहू तेच कळत नाहीये.

मोजणीसाहेब आले. हडकुळे, हसरे, हातात फीत. मी मनाशी ठरवून होतो की व्याह्यांना हळूच बाहेर पाठवायचं आणि मोजणी उरकायची. "जरा खिळे घेऊन येता का?" म्हटलं. व्याही म्हणाले, "तुम्हीच जा की, तुम्हाला चांगले कळतात." पहिल्यांदाच माझं काही काम नाकारलं. दोघंही हलेनात.

साहेब होडीत चढले आणि पहिल्याच पावलाला बाकावरून घसरले. (बाक व्याह्यांनी घासलं होतं.) उठून हसले, लांबी घेतली, रुंदी घेतली, खोली घेतली. तुळईपाशी आले, बोटाने टकटक केली. "हे वरचं काढावं लागेल हां. नंबर मूळ लाकडात हवा." मी तुळईवर पडलेला त्यांच्या बोटाचा डाग बाहीने पुसला.

मग वही मिटून साहेब म्हणाले, "ही एक झाली. दुसरी कुठे आहे?"

"दुसरी काय?" मी.

"दुसरी होडी. पत्ता हाच आहे. दोन्ही अर्ज याच शेडमधले." आणि कागद बघून वाचायला लागले. पहिल्या अर्जाप्रमाणे मालक हे (व्याह्यांकडे बोट), बांधणारे तुम्ही. दुसऱ्याप्रमाणे मालक तुम्ही, आणि इंजिन बसवणारे हे. नाव दोन्हींना विहीणबाई.

मी व्याह्यांकडे पाहिलं. व्याही छताकडे बघत होते.

"दात?" मी विचारलं.

"दात," ते म्हणाले.

साहेब आधी पोट धरून हसले आणि मग गंभीर झाले. म्हणाले, "अहो, हसू नका." हसत तेच होते. "तुम्ही दोघांनी सही करून दिलंय की होडीवर तुमचा काडीचा हक्क नाही. म्हणजे ही होडी आता कोणाचीच नाही. दोन्ही अर्ज बाद होणार. नवीन अर्ज केलात तर मोजणीची पुढची फेरी मे महिन्यात."

मे महिन्यात. बाळ एप्रिलमध्ये.

साहेब गेल्यावर आम्ही त्या बेवारस होडीत समोरासमोर बसून राहिलो. मी विचारलं, "नाव का हो तेच दिलंत?"

"विहीणबाई रोज माझ्या रिकाम्या डब्यात रात्रीची भाजी भरून देतात," ते म्हणाले. "म्हटलं, त्यांचं नाव असावं." आमच्या हिच्याबद्दल बोलत होते. मग म्हणाले, "आणि तुम्ही?"

मी म्हणालो, "आमटीचं पातेलं."

त्यांना लगेच कळलं. बराच वेळ रुमाल तोंडावर धरून बसले होते. हसत होते असं मला आधी वाटलं.

१३ मार्च

बायकोला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की कणकेचा हात कपाळाला लागला. मग म्हणाली, "होडीला विहीणबाई? म्हणजे जो येईल तो माझ्यावर पाय देऊन चढणार?" पण दुपारी शेजारणीला फोनवर सांगत होती, माझ्या नावाची होडी आहे म्हणून.

१८ मार्च

दोघं मिळून नोंदणीबाईंपुढे उभे राहिलो, मुख्याध्यापकांपुढे उभं राहावं तसे. बाईंनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले होते.

"इतकी वर्षं मी इथे बसते," त्या म्हणाल्या. "एका होडीवर दोघांनी हक्क सांगितलेला पाहिला. भावाभावांच्या मारामाऱ्या पाहिल्या. होडी नको म्हणून दोघं भांडतायत हे पहिल्यांदाच बघतेय."

मी बाळाचं सांगितलं. व्याह्यांनी लाँच बंद झाल्याचं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, होडी तीच आहे, मोजणी झालेली आहे, ती पुन्हा कशाला करायची. समोर बसा, दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा असा एकच अर्ज लिहा, मी साहेबांशी बोलते. आम्ही लिहिला. शेवटी एक रकाना उरला, जबाबदार मालक. तिथे एकच नाव चालतं.

"यांचं घाला," मी म्हणालो.

"अजिबात नाही, यांचं," व्याही म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हा मान नाहीये हो. ही डोकेदुखी आहे. दंड झाला, नोटीस आली, होडी कुणाला धडकली, तर मी या माणसाला बोलावून फैलावर घेणार."

"मग माझं घाला," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

बाई आमच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी फोन उचलला आणि अर्जावरचे आमचे दोन्ही नंबर फिरवले. व्याह्यांचा फोन त्यांच्या खिशात वाजला. माझा शेडमध्ये भुशात पडला होता.

"जो फोन उचलतो तो जबाबदार," बाई म्हणाल्या आणि लिहून मोकळ्या झाल्या.

जरा लागलं मला. पण बाहेर पडताना दारात व्याही सवयीने थांबले, "आधी तुम्ही" म्हणाले, आणि मी निमूट पुढे गेलो.

२ एप्रिल

बायको बसने लेकीकडे गेली. गुडघ्यांना फडकी बांधून, हातात लिंबू घेऊन. जाताना सांगून गेली, "दोघं नीट जेवा." त्यामुळे व्याही आता रात्रीचेही इकडेच जेवतात. मी भाजी करतो, ते भांडी घासतात. भांडीसुद्धा बाकांसारखीच घासतात. माणूस एकदा घरी गेला की परत यायला इतका उतावीळ का असतो, सकाळी मी दात घासत असतो तोवर हजर.

१५ एप्रिल

नंबर आला. व्हिनिअर उचकटताना मी तोंड फिरवून घेतलं होतं. खाली मूळ तुळई निघाली, साधी, गाठीगाठीची. पण चांगली आहे. तिने खरा भार उचललाय, पॉलिश उगाच मिरवत होतं.

आकडे मी कोरले. पटाशी आणि हातोडी, सावकाश. शेवटचा आकडा सात. तिथे थांबलो आणि पटाशी व्याह्यांपुढे धरली.

"अहो, मला कुठे येतं," ते म्हणाले.

"जबाबदार मालक आहात. कोरा."

त्यांनी कोरला. त्यांचा सात पाठीला उसण भरल्यासारखा वाकलाय. मी नीट करायला पटाशी हातात घेतली होती, पण मग पुन्हा पेटीत ठेवून दिली. राहू दे.

आवराआवर करताना मी सहज म्हणालो, "पुढच्या आठवड्यापासून पाळणा करायला घ्यायचाय. लाकूड आहे माझ्याकडे. कड्या आणि साखळ्या तुमच्याकडे. दुपारी लवकर या."

"म्हणजे शेड बंद नाही करणार?"

"शेड कशाला बंद करू? पाळणा काय पायरीवर बसून करू?"

व्याही रात्री दोन पोळ्या जास्त जेवले आणि भांडी घासताना शीळ घालत होते. एका पाळण्याचं एवढं काय.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी बायकोचा फोन. मुलगी झाली. थोडी लवकरच आली. लेक छान आहे, नात छान आहे, नाक आमच्याकडचं आहे. (व्याह्यांच्या मुलाने त्यांना सांगितलं की नाक त्यांच्याकडचं आहे. बघू.)

आणि होडी परवाच पाण्यात उतरवून धक्क्याला बांधलेली. मोजणीसाहेब कोरलेला नंबर पाहायला सोमवारी येणार. तोवर प्रमाणपत्र नाही.

मी म्हणालो, "जाऊ या हो. शनिवारचं कोण बघतंय?"

"नाही," व्याही म्हणाले. इतक्या सरळ ते मला आजवर कधी नाही म्हणाले नव्हते. "नोटीस आली तर माझ्या नावावर येईल. बाईंनी विश्वास टाकलाय."

"मग तुम्ही बसने जा. मी थांबतो."

"तुम्ही जा, मी थांबतो."

यात दुपारची शेवटची बस गेली.

२० एप्रिल, रविवार

काही नाही. रविवारची बस नसते, म्हणून दोघं धक्क्यावर बसून पलीकडच्या इमारतीकडे बघतोय. गच्चीत दोरीवर पांढरे चिमुकले कपडे वाळत घातलेत. व्याही म्हणतात लंगोट आहेत. मी म्हणतो झबली आहेत. बायकोने फोनवर दोघांनाही मूर्ख म्हटलं.

२१ एप्रिल, सोमवार

साहेब आले. या वेळी बाकाला धरून चढले. नंबर पाहिला, वाकड्या सातावर बोट फिरवलं.

"वाचता येतोय," साहेब म्हणाले आणि सही केली. "जा आता. नातीला माझा नमस्कार सांगा."

व्याह्यांनी प्रमाणपत्र शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवलं आणि इंजिन सुरू केलं. पहिल्याच झटक्याला सुरू झालं. मी पुढे बसलो. जहाजांच्या वाटेपाशी एक अवाढव्य मालवाहू जहाज आलं, आम्ही थांबून त्याला जाऊ दिलं. मग त्याच्या लाटा आल्या. होडी उठली, आपटली, पुन्हा उठली. सांध्यांतून पाणी येतंय का म्हणून मी खाली वाकून बघत राहिलो. दोर सुटून पाण्यात चालला होता तिकडे माझं लक्षच नव्हतं.

"दोर ओढ ना," व्याही मागून ओरडले, "बघत काय बसलायस?"

मी ओढला. पाण्याचा एक थेंब आत आला नव्हता. राग यायचा राहूनच गेला.

पलीकडच्या धक्क्यावर जावई उभा होता. घरी पोचलो. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, थकलेली दिसते पण हसत होती. मग बायको आतून नातीला घेऊन आली. दुपट्यात गुंडाळलेली, डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या. वर्षभर रंधा मारताना मी हाच क्षण डोळ्यांपुढे आणत होतो. त्यात पहिले हात माझेच असायचे. आणि वर्षभर मला माहीत होतं की ऐन वेळी मी सवयीने मागे सरकणार.

तसंच झालं. "आधी तुम्ही" म्हणायला मी तोंड उघडलं. पण शब्द फुटायच्या आत व्याह्यांनी हात पुढे केले आणि पोर घेतली. मला विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काळ्या वंगणाची रेघ असलेलं मनगट तिच्या डोक्याखाली, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

बायको माझ्याकडे घाबरून बघत होती, आता हा रुसणार म्हणून. मला तर इतकं बरं वाटलं की काय सांगू. व्याह्यांसमोर मी मानाचा पाहुणा म्हणून उभा असतो तर त्यांनी आधी विचारलं असतं. घरच्या माणसाला कोण विचारतं?

बराच वेळ झाला. नाक जवळून बघायचं होतं मला. शेवटी म्हणालो, "दे आता इकडे."

"थांब जरा," ते म्हणाले.

थांबलो.